पटावरची खोटी मुलं, पण या वेळी चांगल्या कामासाठी



"पटावर खोटी मुलं" हे शब्द ऐकले की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगावर काटा येतो. ऑक्टोबर २०११ मधली राज्यभरची पटपडताळणी ज्यांनी पाहिली, त्यांना तर वेगळं सांगायलाच नको. मी तेव्हा नुकतीच डी.एड. होऊन लागले होते. शाळेत कुणी फाईल घेऊन आलं तरी छातीत धस्स व्हायचं. त्यामुळे मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी, अकोल्याला बसून वीस हजार खोटी मुलं तयार केली, हे वाचून दचकू नका. ही मुलं कुठल्याही शाळेच्या पटावर नाहीत. ती एका जुन्या लॅपटॉपमध्ये जन्मली आणि काम झाल्यावर पुसली गेली. पण त्यांनी मला जे दाखवलं, ते माझ्या वर्गातल्या शेहेचाळीस खऱ्या मुलांच्या माहितीतून कधीच दिसलं नसतं.

झालं असं की, मी आणि माझ्या धाकट्या भावानं मिळून हजेरीचा एक छोटा प्रोग्राम केला होता. भाऊ पॉलिटेक्निक शिकलेला, कॉम्प्युटरचीच कामं करतो. प्रोग्रामचं काम साधं: सकाळी मुलांची हजेरी टिपायची, महिन्याच्या शेवटी गोषवारा काढायचा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महिनाभर सलग गैरहजर असलेल्या मुलांची यादी द्यायची. ही शेवटची यादी माझ्या जिवाची होती. आपल्याकडे दिवाळीनंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कापूस वेचायला आई-बाप जातात, मागून मोठी मुलगी लहान भावंडाला सांभाळायला जाते, आणि पंधरा दिवसांचे दीड महिने कधी होतात ते कळत नाही. यादी वेळेवर हातात आली तर घरी जाऊन बोलता येतं. मार्चमध्ये आली तर तिचा उपयोग फक्त कागदाला.

माझ्या शाळेत प्रोग्राम झकास चालला. मग केंद्रातल्या बाकी शाळांनी मागितला. "उद्या तालुक्यानं मागितला तर?" असं भावाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आधी मोजून पाहू. तेवढा डेटा टाकून पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही." मी लगेच म्हटलं, "ओळखीच्या शाळांकडून एक्सेल शीट मागवते." त्यावर तो वैतागून बोलला, "ताई, खरी पोट्टी काऊन पायजे वं तुले? खोटी बनवू ना!"

आज लिहायचं आहे ते हेच. डेटाबेसचा वेग मोजण्यासाठी खोटी माहिती का लागते, ती काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून कशी तयार करतात, आणि ती तयार करताना आपण कुठं फसतो. कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांनाच हे कळायला हवं असं नाही. ज्याला हजेरीपत्रक कळतं, त्याला हे कळतं.

आधी एक गुणाकार

आपल्याला वाटतं, शाळा लहान म्हणजे डेटा लहान. पण मुलांचा तक्ता फुगत नाही, हजेरीचा फुगतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा. माझी ४६ मुलं गुणिले २०० दिवस म्हणजे ९,२०० नोंदी. समजा केंद्रात ९०० मुलं, तर १,८०,००० नोंदी. समजा तालुक्यात २० हजार मुलं, तर एका वर्षात ४० लाख. पाच वर्षं ठेवायच्या तर दोन कोटी.

नऊ हजार नोंदींत एखादं नाव शोधणं म्हणजे दोनशे पानी वहीतून शोधणं. कसंही शोधलं तरी सापडतं. चाळीस लाखांत शोधणं म्हणजे खोलीभर रजिस्टरं. तिथं सूची लावलेली आहे की नाही, यावर सगळं ठरतं. डेटाबेसमध्ये या सूचीला इंडेक्स म्हणतात. आपल्या दाखल-खारीज रजिस्टरचा नंबर जसा एका झटक्यात पान उघडून देतो, तसंच तिचं काम. ती नसेल तर डेटाबेस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं चाळतो. लहान डेटावर हे चाळणं इतकं पटकन होतं की चूक लक्षातच येत नाही. म्हणून मोठ्या डेटावर मोजावं लागतं. या मोजण्याला बेंचमार्क म्हणतात.

मग खरा डेटा का नको?

इथं मला एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी गुणपत्रकाचं ॲप करून देतो म्हणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मी माझ्या वर्गाची पूर्ण शीट व्हॉट्सॲपवर पाठवली होती. "टेस्टिंगला लागते मॅडम," एवढंच तो म्हणाला. त्या शीटमध्ये काय होतं, आठवून पाहा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधार, बँकेचं खातं, पालकांचा मोबाईल, दिव्यांगत्वाचा प्रकार. एका मुलीच्या ओळीत वडिलांच्या रकान्यासमोर मी स्वतःच शेरा लिहिला होता, जो वर्गात कुणालाही माहीत नाही. वाईट काही घडलं नाही. ॲपही झालं नाही. पण ती शीट आज कुठं आहे, हे मला सांगता येत नाही. त्याच्या फोनमध्ये, बॅकअपमध्ये, त्यानं ज्याला पुढं पाठवली त्याच्याकडे? व्हॉट्सॲपवरून माझ्याकडची पुसली म्हणून तिकडची पुसली जात नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे. वेग मोजायला ओळींची संख्या लागते, ओळींचा आकार लागतो, पण त्या ओळीत कुणाचं तरी खरं दुःख असण्याची काहीच गरज नसते. पालकहो, क्लासवाले किंवा ॲपवाले डेमो दाखवताना पडद्यावर मुलांची नावं दिसली, तर ही नावं खरी आहेत का, एवढं जरूर विचारा.

तयार औजार : पीजीबेंच

आम्ही वापरला तो डेटाबेस पोस्टग्रेस. मोफत आहे, माझ्या चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्याच्यासोबतच पीजीबेंच नावाचं औजार मिळतं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि आज्ञा टाइप करायची. (आज्ञा इथं मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितेय. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.)

पहिली आज्ञा अशी: पीजीबेंच, मग वजा आय, मग वजा एस १०, आणि शेवटी डेटाबेसचं नाव. वजा आय म्हणजे "सुरुवातीचा डेटा तयार कर", वजा एस म्हणजे पट. पीजीबेंच एक खोटी बँक उभी करतो. एका पटीला एक शाखा, १० रोखपाल आणि १ लाख खाती. पट १० दिली तर १० शाखा, १०० रोखपाल, १० लाख खाती. पट १०० दिली तर एक कोटी खाती आणि जवळपास दीड जीबी जागा. चहा ठेवून येईपर्यंत एवढी माणसं जन्माला येतात, त्यांना नावं मात्र नसतात.

एक धोक्याची सूचना आधीच देते. वजा आय दिलं की पीजीबेंच त्याच्या चार टेबलांच्या नावाची आधीची टेबलं पाडून नवी बांधतो. ही टेबलं त्याच्याच नावानं सुरू होतात, त्यामुळे आपली हजेरी सहसा जाणार नाही. पण सवय म्हणून चाचणीसाठी वेगळाच डेटाबेस करा. खरं आणि खोटं एका खोलीत झोपवू नका.

दुसरी आज्ञा मोजणीची: पीजीबेंच, वजा सी १०, वजा मोठा टी ३००, डेटाबेसचं नाव. म्हणजे एकाच वेळी १० जण, ३०० सेकंद. मोठा टी सेकंदांसाठी, लहान टी व्यवहारांच्या संख्येसाठी. यात पहिल्या दिवशी सगळेच चुकतात, मीही चुकले. शेवटी दोन आकडे मिळतात: सेकंदाला किती व्यवहार झाले आणि एका व्यवहाराला सरासरी किती वेळ लागला.

इथं गंमत बघा. पट १ ठेवून २० जण सोडले तर आकडा फार वाईट येतो. का? कारण प्रत्येक व्यवहारात शाखेची शिल्लक बदलायची असते आणि शाखा एकच. वीस मास्तर आणि मस्टर एकच, अशी अवस्था. सही करायला रांग लागते. तो वेळ डेटाबेसचा नसतो, रांगेचा असतो. म्हणून पट ही माणसांच्या संख्येपेक्षा कमी ठेवू नये, असं त्याच्या माहितीपुस्तिकेतच सांगितलंय.

दुसरी फसगत उलट्या बाजूची. डेटा लॅपटॉपच्या मेमरीत मावेल इतका लहान असला तर सगळं भराभर होतं, कारण डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. पाठ असलेला धडा मूल घडाघडा म्हणून दाखवतं, तसंच. म्हणून डेटा प्रत्यक्षात असेल तेवढा तरी हवा. पहिली मोजणी बहुतेक वेळा पुढच्यांपेक्षा संथ येते, त्यामुळे किमान तीनदा मोजा. दहा सेकंदांच्या मोजणीवर तर विसंबूच नका.

अशी औजारं अजूनही आहेत. सिसबेंच नावाचं एक आहे, त्यात तयारी, चालवणं आणि साफसफाई अशा तीन आज्ञा असतात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टीपीसी नावाच्या संस्थेच्या चाचण्या जगभर वापरतात. त्यातल्या टीपीसी-एच चाचणीसोबत डीबीजेन नावाचा आज्ञेवर चालणारा प्रोग्राम येतो. त्याला पट १ सांगितली की साधारण एक जीबी डेटा तयार होतो आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या टेबलात ६० लाखांवर ओळी असतात. आमच्या काल्पनिक तालुक्याच्या दीड वर्षाच्या हजेरीएवढ्या!

पण बँक म्हणजे शाळा नव्हे

पीजीबेंचनं लॅपटॉप कसा आहे ते कळलं. आमचा प्रोग्राम कसा आहे ते नाही कळलं. त्यासाठी बँकेची खाती नाही, आपली पोरं हवी होती. ती आम्ही अगदी साध्या आज्ञांनी बनवली आणि मला विचाराल तर सगळ्यात मजा इथंच आली.

लिनक्समध्ये शफ नावाची आज्ञा आहे. पत्ते पिसतो तशी ती फाईलमधल्या ओळी पिसते. तिला वजा आर दिलं की एकच ओळ पुन्हा पुन्हा निघू शकते आणि वजा एन २०००० दिलं की वीस हजार ओळी निघतात. म्हणजे चिठ्ठी काढायची, नाव लिहायचं, चिठ्ठी परत डब्यात टाकायची. मी तीन फाईली केल्या: मुलांची नावं, वडिलांची नावं, आडनावं. तिन्हींतून वीस-वीस हजार चिठ्ठ्या काढल्या आणि पेस्ट नावाच्या आज्ञेनं त्या शेजारी शेजारी चिकटवल्या. झाली वीस हजार मुलं. पुढं पोस्टग्रेसच्या कॉपी या आज्ञेनं ती टेबलात भरली.

आडनावांच्या फाईलमध्ये मी आधी पन्नास आडनावं एकेकदा लिहिली होती. भावानं डोकं हलवलं. "तुह्या शाळेत असं हाय का?" नाही, असं नाहीच. गावात अर्धी मुलं दोन-तीन आडनावांची. कुठं वानखडे, कुठं इंगळे, कुठं तायडे, कुठं शेख. एखादंच घर वेगळ्या आडनावाचं. सगळी आडनावं समान वाटली तर कुठलंही आडनाव शोधा, थोड्याच ओळी येतात आणि इंडेक्स जादूसारखा चालतो. खऱ्या गावात "वानखडे" शोधलं की हजारो ओळी येतात आणि तोच इंडेक्स अडखळतो. त्यामुळे चाचणी पास, प्रत्यक्षात नापास. उपाय सोपा आहे. डब्यात वानखडेच्या चाळीस चिठ्ठ्या टाका, विरळ आडनावाची एकच. पीजीबेंचमध्येही असा कल असलेले आकडे काढायची सोय आहे, पण चिठ्ठ्यांचा डबा मला जास्त कळतो.

नावं देवनागरीत ठेवा, हाही मुद्दा आहेच. इंग्रजीत अक्षराला एक बाइट लागतो. आपल्या नेहमीच्या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. "इंगळे" मध्ये पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. इंग्रजी नावांवर घेतलेली चाचणी आपल्या नावांना लागू पडत नाही. त्यात आपला "ऱ" अजून वेगळा. वऱ्हाड, कुऱ्हा हे शब्द कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवले जातात. एकात "ऱ" हे एकच चिन्ह असतं, दुसऱ्यात "र" आणि खालचा नुक्ता वेगळे. डोळ्यांना सारखे दिसतात, शोधताना सापडत नाहीत. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून हे दोन्ही एकसारखे करणारं नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे. म्हणून खोट्या डेटात मी मुद्दाम दोन्ही प्रकारचे "कुऱ्हा" टाकले, "मूर्तिजापूर" आणि "मुर्तिजापूर" दोन्ही टाकले. खऱ्या शीटमध्ये ते असतातच ना!

आता थोडा अवघड, पण महत्त्वाचा भाग. अमरावतीचे १४ आणि अकोल्याचे ७ असे २१ तालुके आणि मुलाची घरची भाषा, असे दोन रकाने मी वेगवेगळ्या डब्यांतून काढले. परिणाम काय? कोरकू बोलणारी मुलं एकवीसही तालुक्यांत सारखी पसरली. बाळापुरात कोरकू, तेल्हाऱ्यात कोरकू, तेवढीच धारणीत. प्रत्यक्षात ती मुख्यतः धारणी आणि चिखलदऱ्यात, म्हणजे मेळघाटात आहेत. डेटाबेस प्रश्न सोडवण्याआधी अंदाज बांधतो, किती ओळी येतील. तो प्रत्येक रकान्याचा वाटा वेगळा काढतो आणि गुणाकार करतो. रकाने खरोखरच एकमेकांशी संबंध नसलेले असतील तर अंदाज बरोबर. माझ्या खोट्या डेटात बरोबरच आला! खऱ्या डेटावर "धारणीतली कोरकू मुलं" विचारलं असतं तर त्याचा अंदाज फार कमी आला असता आणि त्यानं शोधायचा रस्ताच चुकीचा निवडला असता. अशा जोडीच्या रकान्यांचा हिशेब वेगळा ठेवायला पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून सोय आहे. पण ती वापरायची गरज आहे हे कळायला खोट्या डेटात मेळघाट मेळघाटातच असायला हवा.

यादी रिकामी आली तेव्हा

आता हजेरी. मी आधी सरळ मार्ग घेतला. रोज प्रत्येक मुलासाठी दहातली एक चिठ्ठी "गैरहजर". ऑक नावाच्या आज्ञेनं ४० लाख नोंदी तयार झाल्या. आमची लाडकी यादी मागितली: महिनाभर सलग गैरहजर. उत्तर क्षणात आलं. मी टाळी वाजवली. भाऊ म्हणाला, "नावं वाच." नावं नव्हतीच. यादी रिकामी.

जरा विचार केला आणि हसू आलं. दहात एक या हिशेबानं दोन दिवस सलग गैरहजर राहायची शक्यता शंभरात एक. तीन दिवस, हजारात एक. महिन्यात शाळेचे २४ दिवस धरले तर एकावर चोवीस शून्यं इतक्यांत एक. वीस हजारच काय, अख्ख्या जगाच्या मुलांची हजेरी टाकली असती तरी एक नाव आलं नसतं. खरी मुलं अशी चिठ्ठी काढून गैरहजर राहत नाहीत. ती कापसाला जातात, ऊसतोडीला जातात, आजारी पडतात, आजीकडं राहतात. एकदा गेली की सलग जातात.

मग चौथा डबा केला, मुलांच्या स्वभावाचा. "नियमित" च्या ८० चिठ्ठ्या, "अधूनमधून" च्या १५, "बाहेर गेलेलं" च्या ५. हे आकडे चाचणीपुरते मी ठरवलेले आहेत, कुठलं सर्वेक्षण नाही. बाहेर गेलेल्या मुलासाठी दिवाळीनंतरची एक तारीख काढायची आणि तिथून २० ते ६० दिवस सलग "गैरहजर" लिहायचं. पुन्हा यादी मागितली.

या वेळी लॅपटॉपचा पंखा फिरायला लागला. चहा झाला, कप विसळून झाले, भाच्याला झोपवून झालं, तरी यादी येईना. हाच तो प्रोग्राम, जो माझ्या शाळेत पापणी लवायच्या आत यादी देत होता. तालुक्याला दिला असता तर काय झालं असतं, ते डोळ्यासमोर आलं. कुणी ओरडलं नसतं. यादी उशिरा येते म्हणून शिक्षकांनी ती मागणंच सोडून दिलं असतं. आपल्यापैकी अनेकांनी माहिती भरायला रात्री दोनचे गजर लावलेत, कारण दिवसा साइट उघडायची नाही. संथ प्रोग्राम माणसाला काय करायला लावतो, हे आपल्याला शिकवायला नको.

डेटाबेसला "तू हे कसं शोधतोस ते सांग" असं विचारता येतं, त्या आज्ञेचं नाव एक्सप्लेन. त्यानं सांगितलं, मी प्रत्येक मुलासाठी हजेरीची सगळी ओळ न ओळ चाळतोय. म्हणजे वीस हजार वेळा चाळीस लाख ओळी! मूल आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून इंडेक्स लावला, प्रश्नाची मांडणी थोडी बदलली. यादी चहा गाळेपर्यंत आली. अजून क्षणात येत नाही, पण येते.

सकाळच्या गर्दीची चाचणी उरली होती. साडेदहाला सगळे एकदम हजेरी भरतात. पीजीबेंचला वजा एफ देऊन आपली स्वतःची आज्ञांची फाईल देता येते, ती दिली आणि ४० जण सोडले. एक लक्षात ठेवा, पीजीबेंचची माणसं दम घेत नाहीत. आपण मूल पाहतो, नाव हाकतो, "हजर बाई" ऐकतो, मग टिचकी मारतो. म्हणून फाईलमध्ये मधे मधे थांबायची आज्ञाही टाका, नाहीतर ४० चे कित्येक पट शिक्षक एकदम तुटून पडल्यासारखं होतं. आणि सरासरीवर खूश होऊ नका. एकाला ९५ आणि एकाला ५ मिळाले तरी सरासरी पन्नासच येते. वजा मोठा पी १० दिलं तर दर दहा सेकंदांनी काय चाललंय ते दिसतं, त्यात अडकलेले क्षण सापडतात.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडं

दोन प्रोग्रामची तुलना करायची तर दोघांना एकच प्रश्नपत्रिका हवी. म्हणून यादृच्छिक आकड्यांना बियाणं द्यावं लागतं. त्याला खरोखर सीडच म्हणतात. बियाणं तेच, तर पीक तेच. पीजीबेंचला आणि ऑकला आकडा देता येतो. शफला मात्र मी न बदलणारी एक फाईल देते, आणि ती पुरेशी मोठी लागते, नाहीतर मधेच संपली म्हणून तो अडून बसतो. हे नको वाटलं तर तयार झालेली यादीच जपून ठेवा. खोटीच आहे, जपायला हरकत नाही.

खोटी मुलं खोटी आहेत हे कुणालाही लांबून कळलं पाहिजे. चुकून ती खऱ्या यादीत मिसळली तर पुन्हा २०११! शाळेचा यूडायस क्रमांक ११ अंकी असतो. पहिले दोन राज्याचे, आपले २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, अकोला ०५, अमरावती ०७. मी माझ्या खोट्या शाळांना जिल्हा ९९ दिला. आधार क्रमांक १२ अंकी असतो आणि तो ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणून माझ्या सगळ्या खोट्या मुलांचे आधार ० ने सुरू होतात. तिथं रकाना अंकांचा नाही, अक्षरांचा ठेवा, नाहीतर पुढचं शून्य उडतं. मोबाईल नंबर तर टाकलेच नाहीत, कारण कुठलाही दहा अंकी आकडा लिहा, तो कुणाचा तरी निघतो.

आणि एक. वेग मोजणं वेगळं आणि उत्तर बरोबर आहे का हे तपासणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी लाखो ओळी लागत नाहीत, नेमक्या अडचणीच्या चार ओळी लागतात. आपण वजाबाकी तपासायला हातच्याचं गणित मुद्दाम घालतो, तसं. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक एस. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सडेटा नावाचं असंच एक साधन बनवलं. विद्यार्थ्यानं लिहिलेल्या डेटाबेसच्या प्रश्नात चूक असेल तर ती उघडी पडेल असा छोटा खोटा डेटा ते स्वतः तयार करतं, आणि उत्तरं तपासायलाही ते वापरलं गेलंय. रिकाम्या यादीवर टाळी वाजवणाऱ्या मला त्याची गरज होती.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आम्ही चाचणीचा डेटाबेस पाडून टाकला. डब्यांच्या चार फाईली ठेवल्या, त्यांतून पुन्हा वीस हजार मुलं काढायला काही मिनिटं पुरतात. ज्याला मी दोन वर्षांपूर्वी शीट पाठवली होती, त्याला फोन करून पुसायला सांगितलं. "केव्हाच पुसली असेल मॅडम," तो म्हणाला. असेल.

काही जणांनी माझ्या फाईली मागितल्या आहेत. मुलांच्या नावांची खुशाल देते. आडनावांची मात्र तुमची तुम्हीच करा. माझ्या डब्यात वानखडे फार आहेत, तुमच्या गावात ते नसतील. धारणी-चिखलदऱ्याच्या मंडळींनी तर माझी फाईल मुळीच घेऊ नये.